एकच सायकल

एलेमेरच्या सायकलला घंटी नव्हती.
मागची लाल चकती नव्हती.
पुढचा दिवा होता, पण तो लागत नव्हता,
आणि वेळ होती सकाळी दहाची.
दिव्याखाली अंधार, असं म्हणतात.
आमच्या वस्तीत भर उन्हात
दिव्याची पावती फाडतात.

पंधरा वर्षांचा माझा भाऊ
पाव आणायला निघाला होता.

दंड भरता आला नाही की दिवस भरायचे,
असा हिशेब आहे इथला.
त्याने सहा दिवस भरले
जिल्ह्याच्या गावी, लोखंडी पलंगावर.
परतला तेव्हा नखं खाऊन संपवली होती,
आणि पाव आण म्हटलं
की आधी मोरीत जाऊन बसायचा.

माझ्या वर्गातला बेंदेगूझ, सुताराचा मुलगा,
हे ऐकून म्हणाला :
साबिना, घंटी तर माझ्याही सायकलला नाही.
चार वर्षं झाली. कुणी विचारलं नाही.
सहज म्हणाला.
मग गप्प झाला.
मग कानापर्यंत लाल.

तिथून सुरू झालं.
सायकल एकच, एलेमेरची.
रस्ता एकच, चर्चपासून धान्याच्या कोठारापर्यंत.
एकदा बेंदेगूझ चालवणार, एकदा रोलांदो,
आमच्या रोमा वस्तीतला, पायाने किंचित फेंगडा.
मी बसथांब्याच्या बाकावर,
गणिताची वही उलटी धरून.
वेळ. कोण. अडवलं का.

आई म्हणाली, मोजून कुणाची भूक भागली गं?
रोलांदोचा बाप दोनदा येऊन
त्याला दंडाला धरून घेऊन गेला.
तिसऱ्यांदा आला तो नुसता उभा राहिला,
तंबाखू वळत, बाकाच्या टोकाशी,
आणि मी एक फेरी लिहायची विसरले
ती त्याने आठवण करून दिली.

बेंदेगूझच्या वीस फेऱ्या.
हात सोडून, शीळ घालत.
एकदा शिपायानेच त्याला थांबवलं,
तेव्हा माझी पेन्सिल मोडली.
आजीचा गुडघा कसा आहे, विचारलं.
जा म्हणाला.

रोलांदोच्या वीस फेऱ्या.
चौदा पावत्या.
त्या डिंकाने चिकटवल्या वहीत.
पुरावा महाग पडतो. रोलांदोच्या नावावर
अजून तेवढं देणं आहे,
आणि आम्ही पोरं दर शनिवारी
बाटल्या गोळा करून फेडतो.

एलेमेरचं दुसरं प्रकरण उभं राहिलं
तेव्हा सायकलही नेली.
पहारेकरी आत सोडेना.
बेंदेगूझने हॅंडल धरलं
तेव्हा त्याने दार उघडलं.
हेही मी लिहिलं.

बालन्यायालयाची खोली लहान असते,
खुर्च्या मोठ्या माणसांच्या.
एलेमेरचे पाय जेमतेम टेकत होते.
न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं :
ही सायकल कायदेशीर आहे का?
मी म्हटलं, चालवतंय कोण
त्यावर आहे, बाई.

कुणी हसलं नाही.
त्यांनी वही मागितली.
पानं उलटताना उलट्या बाजूची
माझी चुकलेली समीकरणंही पाहिली असतील.
बराच वेळ. खिडकीवर एक माशी.
मग एका ओळीखाली बोट ठेवून म्हणाल्या :
मंगळवारची पावती तू दोनदा धरली आहेस.

माझ्या पोटात गोळा आला.
पुन्हा मोजलं. खरं होतं.
चोरी पकडल्यासारखी उभी राहिले.

त्या लिपिकाकडे वळल्या.
तेरा, म्हणाल्या.
वीसपैकी तेरा. आणि दुसऱ्या मुलाच्या वीसपैकी शून्य.
लिहून घ्या.

लिपिकाने लिहिलं.
आमच्याबद्दलचा तो पहिलाच आकडा
सरकारी कागदावर,
जो आम्ही आणला होता.

निकाल नाही. तारीख मिळाली, मार्चमधली.
बसवाल्याने सायकल टपावर घेतली नाही,
म्हणून नऊ किलोमीटर चालत निघालो,
तिसा नदीच्या बांधावरून.
बेंदेगूझ म्हणाला, मी घंटी विकत घेतो.
एलेमेर म्हणाला, नको.
रोलांदो म्हणाला, बस की वर, तुझीच आहे.

एलेमेर सायकल हाताने ढकलत राहिला.
चढ कुठेही नव्हता.